दिवसांचा हिशेब: पाळी चुकल्यापासून पेटीतल्या बाळापर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान दोन प्रकारची माणसं वाचतात. एक, जिची पाळी नुकतीच चुकली आहे. दुसरी, जिचं बाळ या क्षणी नवजात अतिदक्षता विभागात आहे आणि जी बाहेरच्या बाकावर बसून फोनवर उत्तरं शोधते आहे. दोघींना एकाच पानावर आणायचं कारण तारीख. बाळाचे नेमके किती आठवडे भरलेत, हे कळायची खरी संधी पहिल्या तीन महिन्यांतच असते. आणि बाळ अपुऱ्या दिवसांचं आलं, तर इंजेक्शनपासून डोळ्यांच्या तपासणीपर्यंत बहुतेक निर्णय त्याच आकड्यावर उभे राहतात. ज्यांना घाई आहे त्यांनी सरळ आपल्या प्रश्नावर जावं.

पाळी चुकली आहे. घरी चाचणी कधी करू?

पाळी यायला हवी होती त्या दिवसापासून पुढे केव्हाही. चाचणीची पट्टी लघवीतलं एचसीजी नावाचं संप्रेरक शोधते. गर्भ पिशवीत रुजल्यावर, पुढे जिची वार होणार असते त्या पेशी ते तयार करतात. त्यामुळे चार दिवस आधी चाचणी करून 'नाही' आलं तर त्याला काही अर्थ नसतो. सकाळची पहिली लघवी घ्या. ठरलेल्या वेळेत दुसरी रेघ फिकी उमटली तरी ती रेघच. 'नाही' आलं आणि आणखी आठवडाभर पाळी आली नाही, तर पुन्हा करा.

डॉक्टर म्हणतात सहा आठवडे झाले. आमच्या हिशेबाने चारच होतात. चुकतंय कोण?

कोणीच नाही. वैद्यकीय हिशेब शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात, कारण ती तारीख सहसा आठवते आणि गर्भ नेमका कधी राहिला ते सहसा कुणालाच माहीत नसतं. म्हणजे पहिले दोन आठवडे तुम्ही गरोदर नसतानाही मोजले जातात. असे २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे पूर्ण झाले की ती 'दिलेली तारीख'.

पाळी अनियमित असेल, किंवा तारीख आठवतच नसेल, तर पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी हा सर्वांत भरवशाचा आधार. त्या वेळी गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजतात. या काळात जवळपास सगळी बाळं सारख्याच वेगाने वाढतात, त्यामुळे लांबीवरून वय काही दिवसांच्या फरकाने सांगता येतं. पुढे प्रत्येक बाळ आपापल्या अंगाने वाढायला लागतं. आठव्या महिन्यात पहिल्यांदाच सोनोग्राफी केली, तर अंदाज दोन-तीन आठवड्यांनीही चुकू शकतो.

हे इतकं लांबवून का सांगते आहे? समजा बाळ १७०० ग्रॅमचं जन्मलं. ते ३१ आठवड्यांचं असेल, तर वजन ठीकच आहे आणि चिंता फुप्फुसांची आहे. तेच बाळ ३७ आठवड्यांचं असेल, तर फुप्फुसं बहुधा तयार आहेत, पण पोटात ते उपाशी वाढलंय. मग लक्ष ठेवायचं ते साखर घसरते का यावर, आणि वारेने साथ का दिली नाही हेही शोधायचं. वजन एकच, पण ही दोन वेगळी बाळं आहेत. पहिल्या सोनोग्राफीचा कागद फाईलमध्ये सगळ्यांत वर ठेवा.

फॉलिक अ‍ॅसिडची गोळी डॉक्टरांना दाखवल्यावर सुरू केली तर चालेल ना?

चालेल, पण तोवर बराच उशीर झालेला असतो. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात, ती नळी गर्भ राहिल्यावर साधारण २८ दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. म्हणून मूल हवं असं ठरवल्यापासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यायचं आणि बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत चालू ठेवायचं. आधीच्या बाळाच्या पाठीच्या कण्यात दोष असेल, किंवा तुम्हाला मधुमेह असेल, फिट्सची औषधं चालू असतील, तर मोठा डोस लागतो. तो डॉक्टरांनीच ठरवायचा. हे नुसतं 'असलेलं बरं' प्रकारातलं औषध नाही. ज्यांच्या आधीच्या गर्भात असा दोष आला होता, अशा स्त्रियांवर ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९१ साली आले. दोष पुन्हा येण्याचा धोका गोळीमुळे ७२ टक्क्यांनी कमी झाला होता.

अंगावरून थोडं लाल गेलं. सगळं संपलं का?

नाही. पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारांतल्या एकीला डाग किंवा थोडा रक्तस्राव होतो, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींचे दिवस पुढे नीट जातात. तरीही डॉक्टरांना कळवायचंच. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तो आवर्जून सांगा. आईचं रक्त बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध उभं राहू नये म्हणून देतात ते अँटी-डी इंजेक्शन लागेल की नाही, हे किती आठवडे झालेत आणि रक्तस्राव किती आहे यावर ठरतं.

सकाळपर्यंत थांबायचं नाही अशी स्थिती मात्र ओळखून ठेवा. पोटात एका बाजूला सलग दुखणं, खांद्याच्या टोकाला विचित्र कळ, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी. असं असेल तर गर्भ पिशवीऐवजी नळीत रुजलेला असू शकतो. शंभरात एक-दोन गर्भधारणा अशा असतात. नळी फुटली तर पोटात रक्त साठतं आणि बाहेर जेमतेम डाग दिसतो. तासाभरात पॅड भिजून जाण्याइतका रक्तस्राव असेल तरीही लगेच निघा.

माझा गर्भ पडला. मी जिने चढले, प्रवास केला, त्यामुळे का?

नाही. निदान झालेल्या गर्भधारणांपैकी शंभरातल्या दहा ते वीस पडतात, बहुतेक पहिल्या बारा-तेरा आठवड्यांतच. त्यांतल्या निम्म्याहून अधिक वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच बिघाड असतो आणि तो गर्भ राहतानाच झालेला असतो. जिना, स्कूटर, ऑफिस, भांडण, कुणाची दृष्ट, यातलं काहीही गुणसूत्रं बदलू शकत नाही. 'तू असं केलंस म्हणून' असं कुणी म्हणालंच, तर हा परिच्छेद त्यांना वाचायला द्या.

सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत. आठवड्याने परत बोलावलंय.

योग्यच केलंय. ठोके साधारण सहा आठवड्यांच्या सुमारास दिसू लागतात. तुमचे सहा आठवडे खरे साडेपाच असतील, तर काहीच बिघडलेलं नसेल. घाईने निष्कर्ष काढण्यापेक्षा सात ते दहा दिवस थांबून पुन्हा पाहणं, हीच इथली नीट पद्धत. ते दिवस काढणं कठीण असतं, हे मान्य.

उलट्यांनी जीव नकोसा झालाय. सहन करायचं की औषध घ्यायचं?

मळमळ बहुधा सहाव्या आठवड्याला सुरू होते, नवव्याच्या आसपास टोकाला जाते आणि सोळा ते वीस आठवड्यांपर्यंत बहुतेकींची थांबते. थोडं थोडं, वारंवार खाणं आणि पोट रिकामं न ठेवणं, याचा काहींना उपयोग होतो. नाही झाला तर औषधं आहेत आणि गरोदरपणात चालणारी आहेत. पाणीसुद्धा पोटात ठरत नाही, लघवी कमी आणि गडद होतेय, वजन उतरतंय, असं झालं तर सलाईन लागेल. 'सगळ्यांनाच होतं' हे त्यावरचं उत्तर नव्हे.

बाळ लवकर होऊ नये म्हणून आत्तापासून काही करता येतं का?

थोडंफार. सगळं आपल्या हातात नसतं, आणि पूर्ण काळजी घेऊनही बाळं लवकर येतात. पण पहिल्याच भेटीत काही गोष्टी सांगून, तपासून घेतल्या तर पुढचं चित्र बदलू शकतं. आधीचं बाळ लवकर झालं असेल, किंवा चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भ गेला असेल, तर ते आपणहून सांगा. अशा वेळी गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी सोनोग्राफीवर पाहत राहतात आणि गरज वाटली तर प्रोजेस्टेरॉन देतात किंवा टाका घालतात. लघवीतला जंतुसंसर्ग त्रास न देताही असू शकतो, म्हणून लघवीची तपासणी टाळू नका. आधीच्या खेपेला रक्तदाब खूप वाढला असेल, तर बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. सोळा आठवड्यांनंतर सुरू केली तर तिचा फायदा कमी होतो. इथेही पुन्हा तारीख आली.

तंबाखू कुठल्याही रूपात नको. घरात दुसऱ्या कुणी ओढलेल्या सिगारेटचा धूरही नको. दारू नको.

सक्तीची विश्रांती घेतली तर?

पडून राहिल्याने प्रसूती लांबते असा पुरावा नाही. उलट पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांनी विशिष्ट कारणासाठी सांगितलं असेल तर ते कारण विचारून घ्या.

सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. दोन इंजेक्शनं दिली, ती कसली?

बहुधा स्टिरॉइडची, बाळाच्या फुप्फुसांसाठी. ही कथा सांगण्यासारखी आहे. न्यूझीलंडमध्ये ग्रॅहॅम लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करत होते. प्रसूती कशामुळे सुरू होते, हा त्यांचा प्रश्न होता. स्टिरॉइड दिलेल्या मेंढीला इतक्या लवकर कोकरू झालं की ते जगायलाच नको होतं, पण ते श्वास घेत होतं. लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांनी मग गरोदर स्त्रियांवर चाचणी घेतली आणि १९७२ साली निष्कर्ष छापले. आज अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी जन्माआधी करता येण्याजोगी ही सर्वांत मोठी गोष्ट मानली जाते. इंजेक्शन साधारण २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान देतात. बीटामेथासोन असेल तर २४ तासांच्या अंतराने दोन, डेक्सामेथासोन असेल तर १२ तासांच्या अंतराने चार. पूर्ण परिणामाला एक दिवस लागतो. म्हणूनच कळा थांबवायची औषधं देतात. त्यांनी महिना मिळत नाही, पण एखाद-दोन दिवस मिळतात, आणि तेवढेच हवे असतात. मोठ्या इस्पितळात हलवायचं असेल तर तेही याच वेळात उरकतं. बाळ पोटात असताना हलवणं हे जन्मल्यावर अँब्युलन्समधून हलवण्यापेक्षा कधीही सुरक्षित.

म्हणून ३७ आठवड्यांच्या आत पोट ठरावीक अंतराने कडक होणं, कंबरेत येऊन जाऊन दुखणं, खाली दाब वाटणं, पाणी जाणं किंवा रक्त दिसणं, यातलं काहीही झालं तर 'उगाच त्रास नको' म्हणत घरी बसू नका. शंका खोटी ठरली तर परत याल, एवढंच.

सातव्यातलं बाळ वाचतं, आठव्यातलं नाही. खरं का?

नाही. ही समजूत फार जुनी आहे, प्राचीन ग्रीक वैद्यांच्या लिखाणातही ती सापडते. जुनी आहे म्हणून खरी ठरत नाही. पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचा असतो. ३४ आठवड्यांचं बाळ ३० आठवड्यांच्या बाळापेक्षा नेहमीच पुढे असतं.

वैद्यकीय भाषेत ३७ आठवडे भरायच्या आत जन्मलेलं ते अपुऱ्या दिवसांचं. २८ च्या आतलं अतिशय लवकरचं, २८ ते ३२ मधलं खूप लवकरचं, ३२ ते ३७ मधलं मध्यम. जगात दर दहा बाळांमागे साधारण एक असं जन्मतं. २०२० साली त्यांची संख्या अंदाजे १ कोटी ३४ लाख होती.

बाळाला काचेच्या पेटीत का ठेवलंय? जवळ का देत नाहीत?

कारण ते स्वतःला गरम ठेवू शकत नाही. चरबी साठते ती शेवटच्या दोन-तीन महिन्यांत, आणि तोवर हे बाहेर आलं. कातडी इतकी पातळ असते की तिच्यातून उष्णता आणि पाणी दोन्ही निसटतं. थंड पडलेलं बाळ ऑक्सिजन आणि साखर दोन्ही भराभर संपवतं. शरीराचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियसमध्ये राहिलं, तर निम्मी लढाई तिथेच होते. पेटीची मूळ कल्पना कोंबडीच्या अंड्यांच्या उबवणीयंत्राची. १८८० च्या सुमारास पॅरिसमधले प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी ती बाळांसाठी वापरली.

'जवळ का देत नाहीत' याचं उत्तर मात्र आता बदलतंय. ते पुढे, छातीशी धरण्याच्या प्रश्नात.

फुप्फुसं कच्ची आहेत म्हणजे नेमकं काय?

फुप्फुसांत लाखो बारीक फुगे असतात. श्वास सोडल्यावर ते मिटून चिकटू नयेत म्हणून आत एक साबणासारखा थर लागतो, तो सर्फॅक्टंट. तो पुरेसा तयार व्हायला साधारण ३४-३५ आठवडे उजाडतात. नसेल तर प्रत्येक श्वासाला फुगा नव्याने फुगवावा लागतो आणि बाळ काही तासांत दमून जातं. हे कारण १९५९ साली मेरी एलन अ‍ॅव्हरी यांनी ओळखलं, पण उपाय यायला वेळ लागला. १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे लवकर जन्मला. वजन दोन किलोच्या वर होतं, तरी ३९ तासांत तो गेला. आज त्याच दिवसांचं बाळ बहुतेक ठिकाणी चार-आठ दिवस श्वासाला आधार घेऊन घरी जातं. मधल्या काळात दोन गोष्टी आल्या. १९७१ पासून नाकातून सतत दाबाने हवा देऊन फुगे उघडे ठेवायची पद्धत, तिला वॉर्डात सगळे 'सीपॅप' म्हणतात. आणि १९८० साली जपानमध्ये फुजिवारा यांनी नळीतून थेट फुप्फुसांत दिलेलं सर्फॅक्टंट.

सीपॅप म्हणजे व्हेंटिलेटर नव्हे. बाळ स्वतः श्वास घेतंय, यंत्र फक्त मदत करतंय. व्हेंटिलेटर लागला तरी तो लागला म्हणजे सगळं संपलं, असंही नाही.

मॉनिटर सारखा वाजतो आणि माझा जीव खाली-वर होतो.

यंत्राकडे न बघता आधी बाळाकडे बघा. रंग गुलाबी आहे, छाती हलतेय, तर बहुधा पायाची पट्टी सैल झाली असेल. पण अपुऱ्या दिवसांची बाळं खरोखरच श्वास घ्यायला विसरतात. वीस सेकंदांहून जास्त विसरली, किंवा त्यासोबत ठोके मंदावले, तर नोंद करतात. सिस्टर तळपायावर हलकं चोळते आणि बाळाला आठवतं. यावरचं औषध कॅफीन, हो, तेच चहा-कॉफीतलं, मोजून दिलेलं. ३६-३७ आठवड्यांच्या सुमारास मेंदू शहाणा होतो आणि विसरणं बहुतेकांचं थांबतं.

आणि एक. पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा १०० व्हावा असा आग्रह धरू नका. ऑक्सिजन लावलेल्या लहानग्यासाठी ९० ते ९५ पुरेसा, त्याहून जास्त घातक. १९४० आणि ५० च्या दशकांत भरमसाट ऑक्सिजनमुळे हजारो बाळांची दृष्टी गेली, तेव्हा हे कळलं.

ज्या बाळाला ओढताच येत नाही, त्याच्यासाठी दूध काढून काय करू?

सगळ्यांत जास्त उपयोगाचं काम तुम्हीच करताय, हे आधी ऐका. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ ३२ ते ३४ आठवड्यांच्या आसपास बसतो. तोवर नाकातून किंवा तोंडातून पोटात गेलेल्या बारीक नळीने दूध देतात, पहिल्या दिवशी एक-एक मिलीलीटर. त्या वेळी तुमचा पहिला घट्ट पिवळा चीक थेंबांनी निघतो आणि थेंबांचीच गरज असते. आतड्यांचा एक गंभीर आजार या बाळांना होतो. आतड्याचा भाग सुजतो, कधी कुजतो. आईचं दूध मिळणाऱ्यांत तो पावडरच्या दुधावरच्या बाळांपेक्षा कमी दिसतो. म्हणून आईचं पुरेसं नसेल तर पावडरीआधी दूधपेढीतलं, तपासून पाश्चराइज केलेलं दूध देतात.

प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांत सुरुवात करा. दिवस-रात्र मिळून किमान आठ वेळा, रात्रीचा एक फेरा धरून. हाताने काढा किंवा पंपाने. पहिले तीन दिवस वाटीच्या तळाशीच येईल, त्यावरून 'मला दूधच नाही' असं ठरवू नका. बाळाजवळ बसून, त्याला छातीशी धरल्यावर लगेच काढलं तर जास्त येतं, असा बहुतेक आयांचा अनुभव. घरी काढलेलं दूध साध्या खोलीत चार तास आणि फ्रिजच्या आतल्या भागात, दारात नव्हे, चार दिवस टिकतं. वॉर्डाचा नियम याहून कडक असेल तर तो पाळा. फार लहान बाळांच्या दुधात प्रथिनं आणि क्षार वाढवणारी भुकटी मिसळतात. तुमच्या दुधात काही कमी आहे म्हणून नव्हे, तर वारेतून मिळायचं ते आता बाहेरून द्यावं लागतं म्हणून.

वजन वाढायचं सोडून कमी झालं!

पहिल्या आठवड्यात होतंच. जादा पाणी निघून जातं. अपुऱ्या दिवसांच्या बाळात दहा, कधी पंधरा टक्क्यांपर्यंत घट दिसते. दोन आठवड्यांच्या आसपास जन्मवजन भरून निघतं, पुढे दर किलोमागे रोज साधारण १५ ग्रॅम ही चांगली वाढ. एका दिवसाचा आकडा धरून बसू नका, आठवड्याचा पाहा.

छातीशी धरून ठेवायला सांगतात. एवढ्याशा बाळाला संसर्ग नाही का होणार?

होतो तो कमीच होतो. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्याच कमी पडायच्या, एका पेटीत दोन-तीन बाळं ठेवत. तिथले डॉक्टर एडगार रे यांनी बाळांना आयांच्या उघड्या छातीवर, कपड्यांच्या आत उभं बांधायला सुरुवात केली. गरिबाघरचा पर्याय म्हणून आलेली ही गोष्ट पेटीच्या तोडीची निघाली. २०२१ साली भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या इस्पितळांत झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. १ ते १.८ किलोच्या बाळांना स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच छातीशी दिलं, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवली गेली. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना रोज ८ ते २४ तास, शक्य तितकं जास्त, असं सांगते.

कृती सोपी आहे. बाळाला फक्त लंगोट, टोपी, मोजे. तुमच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं, बेडकासारखे पाय दुमडून, मान एका बाजूला आणि किंचित वर, नाक मोकळं. वरून कापड बांधा. एका बैठकीला किमान तासभर. बाबांनीही करा, आजी-मावशीनेही. नळी लावलेली असतानाही बहुतेक वेळा करता येतं, म्हणून दिलं नाही तर विचारा. तुम्ही विचारल्याशिवाय बऱ्याचदा कुणाच्या लक्षात येत नाही.

कावीळ झाली. सकाळच्या उन्हात ठेवू का?

नको. उपचार प्रकाशाचाच आहे आणि त्याचा शोधही उन्हातच लागला, हे खरं. १९५६ साली इंग्लंडमध्ये रॉचफर्डच्या इस्पितळातल्या एक सिस्टर बाळांना बागेत नेत. एका बाळाचं अंग फिकं पडलं आणि चादरीचा कोपरा होता तेवढा त्रिकोण पिवळा राहिला. तिथून निळा दिवा आला. पण ऊन मोजता येत नाही, बाळ गारठतं किंवा भाजतं, आणि मधल्या काळात बिलिरुबिन, म्हणजे कावीळ आणणारं रक्तातलं पिवळं द्रव्य, चढत राहतं. ते फार चढलं तर मेंदूत उतरतं, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळात धोक्याची पातळी बरीच खाली असते. दिव्याखाली डोळ्यांवर पट्टी असते, ती दिसायला वाईट दिसते, बाळाला त्रास देत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ मात्र कधीच साधी समजू नका.

आमचं बाळ पूर्ण दिवसांचं, तीन किलोचं. तरी दाखल का केलं?

वजन चांगलं म्हणजे सगळं चांगलं, असं नसतं. जन्मताना ऑक्सिजन कमी पडणं, फुप्फुसांतलं पाणी वेळेवर न ओसरल्याने श्वास जोरात चालणं, जंतुसंसर्ग, साखर घसरणं, हृदयाचा दोष, ही नेहमीची कारणं. जोराचा श्वास बऱ्याचदा दोन-तीन दिवसांत निवळतो. संसर्गाची शंका असली तर रक्त तपासायला पाठवून प्रतिजैविकं लगेच सुरू करतात आणि रिपोर्ट नीट आला की थांबवतात. नवजात बाळात वाट बघायला वेळ नसतो. जन्मताना गुदमरलेल्या पूर्ण दिवसांच्या बाळाला काही ठिकाणी मुद्दाम थंड ठेवतात, ३३-३४ अंशांवर ७२ तास, मेंदूची इजा कमी व्हावी म्हणून. ते पहिल्या सहा तासांत सुरू करावं लागतं. वर पेटीबद्दल जे वाचलंत त्याच्या उलट वाटेल, पण हे फक्त याच बाळांसाठी आणि सतत देखरेखीखाली.

डोळे तपासायला सांगितलेत. बाळ तर छान बघतंय.

जायचंच. डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढत असतील तर बाहेरून काही दिसत नाही, आणि उपचाराची वेळ एखाद-दोन आठवड्यांचीच असते. पहिली तपासणी जन्मानंतर साधारण चार आठवड्यांनी. घरी सोडलेलं असलं तरी ती तारीख चुकवू नका. कानांची चाचणीही सोबत उरकून घ्या.

घरी कधी सोडतील?

पेटीबाहेर अंग गरम राहतंय, दूध तोंडाने घेतंय, वजन रोज वाढतंय, आणि काही दिवस श्वास विसरलेलं नाही. एवढं जमलं की. दिलेल्या तारखेच्या दोन-चार आठवडे आधी ते त्या तारखेपर्यंत, असा अंदाज धरा.

घरी आल्यावर कशाची भीती बाळगू, कशाची नको?

भीती बाळगायची ती याची: दूध ओढेनासं झालं किंवा उठवूनही उठत नाही. पूर्ण एक मिनिट मोजल्यावर श्वास ६० च्या वर. बरगड्यांखाली खड्डा पडतोय, कण्हल्यासारखा आवाज येतोय. ताप ३८ किंवा जास्त, अथवा अंग थंड, ३५.५ च्या खाली. झटके. ओठ निळे. तळहात-तळपाय पिवळे. यातलं एकही असेल तर रात्र काढू नका.

शिंका, उचक्या, झोपेत दचकणं, दोन-तीन दिवसांनी शी, याला घाबरू नका. झोपवा पाठीवरच, उशीशिवाय. हात धुतल्याशिवाय कुणी घेऊ नये, आणि सर्दी झालेल्या पाहुण्यांना सरळ नाही म्हणा, ते नंतर विसरतात. दुधाशिवाय काही चाटवू नका, मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही. लोहाचे आणि 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब लिहून दिलेले असतील ते चालू ठेवा. साठा शेवटच्या महिन्यांत भरायचा होता, तो भरलेला नाही.

सहा महिन्यांचं झालं तरी बसत नाही. मागे पडलंय का?

आधी वय दुरुस्त करा. ३० आठवड्यांना जन्मलेलं बाळ दहा आठवडे लवकर आलं. म्हणजे वाढदिवसाने सहा महिन्यांचं असलं, तरी वाढीच्या हिशेबाने ते पावणेचार महिन्यांचं. पावणेचार महिन्यांच्या बाळाकडून बसायची अपेक्षा कुणी करत नाही. दोन वर्षांपर्यंत हाच हिशेब धरायचा. लसी मात्र खऱ्या वयाप्रमाणे, दोन महिने थांबून नव्हे.

बुद्धीवर परिणाम होईल का?

जितके आठवडे कमी, तितका धोका जास्त, हे लपवण्यात अर्थ नाही. ३२ आठवड्यांनंतरची बहुतेक मुलं बरोबरीने वाढतात. त्याआधीच्यांपैकीही बरीच. पण आज पेटीतल्या बाळाकडे बघून नक्की कुणीच सांगू शकत नाही, म्हणूनच दोन वर्षांपर्यंतच्या भेटी असतात. हातपाय ताठ वाटले, तीन-चार दुरुस्त महिन्यांना हसत नसेल, एकच हात वापरत असेल, तर भेटीची वाट न पाहता जा. व्यायाम लवकर सुरू झाले तर फरक पडतो.

मला सारखं रडू येतं, आणि बाळाजवळ जायचीच भीती वाटते.

पहिले दोन आठवडे रडू येणं अगदी सर्रास आहे. त्यानंतरही उरलं, झोप उडाली, बाळाबद्दल काहीच वाटेनासं झालं किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार आले, तर हे आजारपण आहे आणि त्यावर उपचार आहेत. वॉर्डातल्या सिस्टरला सांगा, तिने हे पुष्कळदा पाहिलेलं असतं. बाबांनाही होतं. त्यांना विचारणारं बहुधा कुणी नसतं.

पुढच्या खेपेलाही असंच होईल?

शक्यता दीड ते दोन पट असते, खात्री नसते. शक्य असेल तर दोन वर्षं जाऊ द्या, मग विचार करा. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिवस राहायच्या आधीच सुरू करा. आणि पाळी चुकली की पहिल्याच भेटीला तीन कागद न्या: मागच्या खेपेची पहिली सोनोग्राफी, बाळाचं डिस्चार्ज कार्ड, आणि वार तपासली असेल तर तिचा रिपोर्ट.